बंब, गिझर आणि न दिसणारा धूर

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण चतुर्थी जवळ आली. मुंबई-पुण्याची माणसं घरी यायला लागतील, त्याआधी हे लिहायचंच होतं. नेहमीसारखा इतिहासच सांगणार आहे, फक्त या वेळी देवळाचा किंवा तळ्याचा नाही. आपल्या न्हाणीचा.

गेल्या चतुर्थीची गोष्ट. पहिल्या दिवशीची सकाळ. घरात चौदा माणसं, गणपती बसायचा, सगळ्यांना आंघोळी उरकायची घाई. पाच वर्षांपूर्वी मी माजघराला लागून खोली वाढवली, तिला अटॅच बाथरूम केलं, चार बाय सहाचं. त्यात भिंतीवर गॅसचा गिझर. वरच्या बाजूला एक छोटी खिडकी आहे. पावसाची झड आत येते म्हणून मीच तिला प्लास्टिकचा कागद मारून टाकला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात दोष द्यायला मला दुसरं कोणी शोधावं लागलं नाही.

तिघांच्या आंघोळी झाल्या आणि चौथी माझी पुतणी आत गेली, सोळा वर्षांची. पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत राहिला. वहिनीने हाक मारली, "गो बाय, आटप, भटजी येतले." उत्तर नाही. दुसरी हाक, तिसरी हाक. मग भावाने दाराला खांदा दिला. प्लास्टिकचं दार होतं म्हणून कडी लगेच निघाली. पोरगी भिंतीला टेकून खाली बसलेली, नळ चालू, डोळे अर्धवट उघडे. उचलून खळ्यात आणली. दोन-चार मिनिटांनी ती बोलायला लागली, मग ओकली, मग डोकं धरून रडायला लागली.

कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात होता. बोटाला लावला, तर आकडा ९८. आम्ही म्हटलं, चला, काही नाही, उपाशीपोटी होती, चक्कर आली असेल. तरी भावाला राहवलं नाही, गाडी काढून कुडाळला नेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गिझर गॅसचा आहे काय?" दुसरा प्रश्न, "खिडकी उघडी होती?" ऑक्सिमीटरचं सांगितलं तर म्हणाले, या बाबतीत तो आकडा धरू नका, तो फसवतो. तिला ऑक्सिजन लावला, दिवसभर ठेवली आणि आरतीच्या आधी ती घरी आली. ती वाचली, म्हणून मी आज हे लिहू शकतो.

त्या रात्री सगळी बसलेली असताना आई म्हणाली, "बंबाच्या टायमाक असा कधी झाला नाय."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. खरंच झालं नव्हतं? आणि झालं नसेल, तर का?

कौलं श्वास घेत होती

आपलं जुनं घर आठवून बघा. खळं, ओटी, पडवी, माजघर, मग रांधप, आणि न्हाणी मागीलदारी. न्हाणी म्हणजे काय, तर चिऱ्याचा अर्धा उंच आडोसा, वर कौलं किंवा नुसती चुडतं. एका कोपऱ्यात चूल, तिच्यावर मोठा हंडा. खाली सोडणं, करट्या, वाळकी चुडतं जळायची. पुढे चाकरमान्यांबरोबर तांब्याचा बंब आला. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी, वर धुराडं. तोही मागीलदारी, उघड्यावर. घरात बंब पेटवायचा ही कल्पनाच कोणाला सुचली नसती, कारण घर धुराने भरलं असतं.

घरावर आधी गवत, मग नळे, मग मंगळुरी कौलं. बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसाने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला आणि पुढे ही कौलं समुद्रमार्गे किनाऱ्यावरच्या बंदरांत उतरत गेली. मंगळुरी कौल एकमेकांत अडकतं, पाणी आत घेत नाही, पण हवा अडवत नाही. आपल्या रांधपात चूल पेटली की सगळ्या कौलांतून धूर वर येताना दिसायचा. लहानपणी नदीच्या काठावरून परत येताना कोणाच्या घरी भात शिजतोय ते लांबून कळायचं ते त्यामुळेच.

म्हणजे ते घर गळकं होतं, आणि त्या गळकेपणानेच आत माणसं जगत होती. शिवाय धूर स्वतःच ओरडून सांगायचा. डोळे चुरचुरले, ठसका लागला की माणूस आपोआप बाहेर पळायचा.

पण हे लिहिताना मला उगाच जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. त्या धुराने आपल्या आज्यांचे डोळे आणि छात्या खाल्ल्या. चुलीसमोर चाळीस वर्षं बसलेल्या बाईचा खोकला ज्याने ऐकलाय तो चुलीचं कौतुक करणार नाही. आणि आईचं वाक्य अर्धंच खरं आहे हेही मला नंतर कळलं.

बाळंतिणीची खोली

जुन्या घरात एक खोली अशी होती जिथे हवा मुद्दाम बंद करायचे. बाळंतिणीची. काळोखी खोली, खिडकीला पडदा, दाराच्या फटीत चिंध्या, "वारो लागात" म्हणून. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा, शेपा, ऊद. शेक आणि धुरी. पावसाळ्यात तर दिवसभर.

आता शेगडीतल्या निखाऱ्याचं एक लक्षात घ्या. ओलं लाकूड धूर करतं, निखारा करत नाही. धूर नसला म्हणजे आपल्याला वाटतं विस्तव शांत आहे. प्रत्यक्षात कोळसा धुमसतो तेव्हाच कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो. शेगडी पेटवताना कोळशावर निळसर ज्योत नाचताना तुम्ही बघितली असेल. ती निळी ज्योत म्हणजे हाच वायू हवेत जळतोय. ज्योत विझली आणि निखारे राखेखाली लाल राहिले, की तोच वायू न जळता खोलीत येतो. वास नाही, रंग नाही, ठसका नाही.

माझ्या आजीने तिच्या एका जावेची गोष्ट सांगितली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी खोलीचं दार उघडलं तर बाळंतीण आणि बाळ दोघंही गेलेली. अंगावर ओरखडा नाही. चेहरा तर चांगला लाल, झोपल्यासारखा. लोक म्हणाले, बाहेरची बाधा. देवचाराला नारळ दिला, त्या खोलीत पुढे कोणाला ठेवलं नाही.

तो वायूच होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. बाळंतपणात बायका मरायची कारणं तेव्हा पुष्कळ होती. पण बंद खोली, रात्रभर निखारे, दोघांचा एकदम मृत्यू आणि चेहऱ्यावरचा लालसरपणा, हे चार मुद्दे एखाद्या डॉक्टरसमोर ठेवले तर तो काय विचारेल ते मला आता माहीत आहे. मला कुडाळमध्ये विचारलं तेच.

रक्तात काय होतं

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून प्राणवायू उचलतं आणि अंगभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइडला हे हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. एकदा गाडीत तो बसला की प्राणवायूला जागा नाही. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हे रक्तातलं गौडबंगाल उलगडलं. असं रक्त लालभडक दिसतं. साधा ऑक्सिमीटर बोटातून उजेड सोडून रक्ताचा रंगच वाचतो, त्याला हे लाल आणि ते लाल सारखंच. म्हणून पोरीच्या बोटावर ९८.

ब्रिटनमध्ये जॉन स्कॉट हाल्डेन नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हा वायू स्वतः श्वासात घेऊन आपल्यावर काय परिणाम होतो ते लिहून ठेवलं. १८९६ मध्ये वेल्समधल्या एका कोळसा खाणीत स्फोट झाला, तेव्हा त्यांनी मृतदेह तपासून दाखवून दिलं की बहुतेक खाणकामगार स्फोटाने मेले नव्हते, नंतर पसरलेल्या या वायूने मेले होते. खाणीत लहान प्राणी न्यावा, तो आधी कोसळेल आणि माणसाला पळायला वेळ मिळेल, हा सल्ला त्यांचाच. त्यातून खाणीत कॅनरी पक्षी न्यायची पद्धत पडली आणि ती ब्रिटनमध्ये १९८६ पर्यंत चालली. पक्ष्याचा श्वास भराभर चालतो, म्हणून विष त्याला आधी चढतं. माणसाने बनवलेला पहिला कार्बन मोनॉक्साइड अलार्म म्हणजे पिंजऱ्यातलं ते पिवळं पाखरू.

या हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. बापाच्या प्रयोगांत लहानपणापासून हाच मुलगा हाताखाली असायचा.

कोळशाची गाडी आणि गॅस कंपनीची गल्ली

आता तुम्ही म्हणाल, वेल्सच्या खाणीचा आणि वालावलचा काय संबंध. संबंध आहे. या वायूवर आपल्या माणसांनी प्रवास केलाय.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि मोटारी कोळशावर चालायला लागल्या. माझ्या आजोबांच्या तोंडी या कोळशाच्या गाड्यांच्या गोष्टी असायच्या. गाडीच्या मागे उभं पिंप, त्यात लाकडी कोळसा, खाली विस्तव. क्लीनर हाताने पंखा फिरवून निखारे फुलवायचा. कोळशाला मुद्दाम कमी हवा द्यायची, म्हणजे तो पूर्ण न जळता कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि तो वायू नळीने इंजिनात जाऊन जळतो. पेट्रोलपेक्षा जोर कमी. आजोबा म्हणायचे, "घाट लागलो की अर्धी माणसां खाली, ढकलूक." एसटी तर १९४८ ची, हे सगळं तिच्या आधीचं.

म्हणजे जे विष होतं तेच इंधन होतं. पण ते पिंप गाडीच्या बाहेर, उघड्यावर असायचं. ते बसायच्या जागेत ठेवायचं कोणाच्या मनात आलं नाही.

तसंच मुंबईत. १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनी दगडी कोळसा भट्टीत तापवून गॅस करायची आणि नळाने शहरात पुरवायची. लालबागमध्ये आजही गॅस कंपनीची गल्ली आहे. आपल्या गावची किती माणसं त्या भागातल्या चाळींत राहिली ते मोजायला नको. त्या कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजन, मिथेन आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही असायचा. म्हणजे नुसता गळला, पेटवलाही नाही, तरी माणूस मरायचा. त्यामुळे त्या गॅसची भीती होती.

१९५५ मध्ये बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला. आपली म्हातारी माणसं त्याला बर्शेन म्हणायची. या गॅसमध्ये मोनॉक्साइड नाही. वर त्यात मुद्दाम घाण वास मिसळलेला, गळला की लगेच कळावं म्हणून. चुलीच्या धुरातून सुटलेल्या बायकांना हा गॅस म्हणजे वरदानच वाटला, आणि होताही. पण त्याबरोबर एक समज पक्का झाला, की गॅसचा धोका असला तर वास येईल.

इथेच चूक होते. वास येतो तो न जळलेल्या गॅसचा. हवा कमी पडून अर्धवट जळलेल्या गॅसमधून जो मोनॉक्साइड निघतो त्याला वास नाही. आमच्या बाथरूममध्ये त्या सकाळी साबणाचा वास होता, बस्स.

साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि चार बाय सहाची खोली

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली. वाटेत ९१ बोगदे. त्यातला सगळ्यात मोठा रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. त्या काळी इंजिनं डिझेलची. लांब बोगद्यात डिझेलचा धूर कोंडला तर आतली माणसं गुदमरतील, म्हणून मोठ्या बोगद्यांत हवा खेळवायला अजस्र पंखे बसवले. पुढे २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. पण चोवीस वर्षं आधी त्या इंजिनियरांनी कागदावर हिशोब केला होता, किती धूर निघणार आणि किती हवा लागणार.

मी माझ्या बाथरूमचा तसा हिशोब कधी केला नव्हता. पोरगी घरी आल्यावर केला. तुम्हीही करून बघा.

मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा छोटा गिझर स्वयंपाकघरातल्या चार-पाच बर्नरएवढी आग एकटा करतो. पूर्ण चालला तर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो. १ किलो गॅस नीट जळायला १२ घनमीटरच्या आसपास हवा लागते. चार बाय सहाच्या आणि आठ फूट उंचीच्या खोलीत हवा असते साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी बंद असेल तर अर्ध्या तासाची बेगमीसुद्धा नाही. आणि सगळी हवा संपायची वाट बघावी लागत नाही. प्राणवायू थोडा घटला की ज्योत बिघडायला लागते आणि मोनॉक्साइड सुरू होतो. तो वाढला की ज्योतीला आणखी घाणेरडी हवा मिळते. माणूस आत, गिझर आत, दोघं एकाच हवेवर. पहिल्या तिघांनी ती हवा वापरली होती. चौथी पोरगी गेली ती त्यांच्या उरलेल्या हवेत.

"गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो ना?" असं मला एकाने विचारलं. काही गिझरमध्ये ती सोय असते. पण नळ बंद करून परत उघडला की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. एकामागून एक पाच जण आंघोळ करतात तिथे त्याचा उपयोग किती, ते बघा.

बदललं काय?

बदललं ते घर. कौलं गेली, स्लॅब आला. खिडकीच्या गजांच्या जागी काचेच्या सरकत्या खिडक्या आल्या. न्हाणी मागीलदारातून उठून खोलीला चिकटली. गॅसचा गिझर का घेतला, तर पावसात लाईट जाते, व्होल्टेज नसतं, बिल येतं ते वेगळं. ही कारणं खोटी नाहीत. मीही तीच दिली होती. पण आपण घर घट्ट बंद केलं आणि विस्तव बाहेरून आत आणला, ही दोन्ही कामं एकदम केली.

यात पर्यटनही आलं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. आज मालवणपासून आपल्या कर्लीच्या काठापर्यंत घरगुती राहण्याच्या खोल्या झाल्यात. चांगली गोष्ट आहे, घराला चार पैसे मिळतात. पण प्रत्येक खोलीला अटॅच बाथरूम आणि बऱ्याच ठिकाणी आत गॅसचा गिझर. पाहुण्याला तो कसा चालतो ते माहीत नसतं. थंडीत आला तर तो पहिल्यांदा खिडकीच बंद करणार.

बाहेर काय झालंय ते आठवा. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक एका खोलीत झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत. त्यांत चार मुलं होती. थंडी म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला होता, दारं-खिडक्या बंद. मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवशी घाटकोपरला रंग खेळून आलेलं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हा पहिला संशय गॅस गिझरवरच गेला. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. गाडीच्या जनरेटरचा मोनॉक्साइड आत शिरला होता.

जनरेटरचं नाव निघालं म्हणून. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा आपल्याकडे किती दिवस काळोख होता ते विसरला नसाल. त्यानंतर अनेकांनी छोटे जनरेटर घेतले. पाऊस लागू नये म्हणून पडवीत किंवा जिन्याखाली ठेवून चालवतात. करू नका. जनरेटर घरापासून लांब, उघड्यावर, त्याच्यावर पत्रा टाका, पण भिंती नकोत.

अलार्म

पाखराच्या जागी आता यंत्र आलं. अमेरिकेतल्या शिकागो शहराने १९९४ मध्ये घरांत हा अलार्म सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये २०१५ पासून भाड्याच्या घरांसाठी नियम आला, सुरुवातीला लाकूड-कोळसा जाळणाऱ्या खोल्यांना, २०२२ पासून गॅसच्या बॉयलरसारखी साधनं असलेल्या खोल्यांनाही. आपल्याकडे तो घरात दिसतच नाही. दिसतो तो गॅस गळतीचा अलार्म, आणि लोकांना वाटतं तोच हा. तो वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून ते यंत्र खाली लावतात. मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, सगळ्या खोलीत मिसळतो. एक यंत्र दुसऱ्याचं काम करत नाही. घेताना डब्यावर कार्बन मोनॉक्साइड लिहिलंय ना ते बघा.

चांगल्या यंत्रावर ईएन ५०२९१ हे युरोपचं मानक लिहिलेलं असतं. त्याप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत मोनॉक्साइडचे ५० भाग असतील तर ते साधारण तास-दीड तासात वाजतं, १०० असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० झाले तर तीन मिनिटांच्या आत. थोडासा वायू आला की लगेच बोंब मारत नाही आणि जास्त झाला तर वाट बघत नाही. आतल्या संवेदकाचं आयुष्य पाच ते दहा वर्षं, तारीख मागे छापलेली असते. बॅटरी वेगळी, महिन्यातून एकदा बटण दाबून बघायचं. बाथरूमच्या आत लावू नका, वाफेने बिघडतो. बाथरूमच्या दाराबाहेर आणि झोपायच्या खोलीत लावा.

पण अलार्म लावला म्हणून खिडकीला कागद मारून चालणार नाही. पाखरू होतं म्हणून खाणीत हवेचे पंखे बंद ठेवत नव्हते.

मी काय केलं आणि काय मागतो

मी गिझर बाथरूममधून काढून मागच्या भिंतीला, पाखाडीखाली उघड्यावर बसवला. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. प्लंबरचं एका दिवसाचं काम. खिडकीचा कागद फाडला आणि काचेच्या जागी तिरक्या पट्ट्यांची जाळी लावली, झड येत नाही आणि हवा येते. दाराला खाली फट ठेवली. एक अलार्म मागवला, गिझरपेक्षा स्वस्त पडला.

तुमच्याकडे लगेच जमणार नसेल तर निदान चतुर्थीपुरतं एवढं करा. आधी गरम पाणी बादलीत भरा, गिझर बंद करा, मग आत जा. दोन आंघोळींच्या मध्ये दार-खिडकी दहा मिनिटं सताड उघडी ठेवा. गिझरची ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर वापरू नका. झोपायच्या खोलीत शेगडी नको, बाळंतिणीच्या तर अजिबात नको. शेकायचं असेल तर निखारे बाहेर ठेवून कपडा गरम करून आणा.

घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, चक्कर आली, ताप नाही, आणि खळ्यात आल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त समजू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. आत बेशुद्ध माणूस असेल तर पहिल्यांदा दार उघडून त्याला ओढून बाहेर आणा, आत उभं राहून हलवत बसू नका. ऑक्सिमीटरचा आकडा बघून थांबू नका. डॉक्टरांना न विचारता सांगा की गिझर किंवा शेगडी चालू होती. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात होतो. म्हणून दवाखाना.

आणि गावाकडे एक मागणं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. राहायला खोल्या देणाऱ्या घरांनी गिझर बाहेर काढावेत आणि प्रत्येक खोलीत अलार्म लावावा, असा ठराव व्हावा. ठरावाने कोणावर केस होणार नाही, पण पाहुणा घेणाऱ्याला निदान विचारता येईल. गावात गिझर बसवणारे दोघं-तिघंच आहेत. त्यांनी ठरवलं की बंद बाथरूमच्या आत बसवणार नाही, तर अर्धं काम तिथेच होईल. मी त्यांच्याशी बोललोय, दोघांनी होकार दिला. तिसऱ्याचं म्हणणं, "गिऱ्हाईकच सांगता आत लाव, मी काय करू?" तर गिऱ्हाईक आपण आहोत, आपण सांगायचं थांबवूया.

शेजारच्या काकांनी मला नेहमीचं ऐकवलंच, "आमच्याकडे धा वर्सां आसा, काय होना नाय." काका, आमच्याकडेही पाच वर्षं काही झालं नव्हतं. माणसं दोन-तीन होती आणि खिडकी उघडी असायची. चौदा माणसं आली आणि कागद मारला, त्या दिवशी झालं.

पुतणी या वर्षी पण येतेय. अलार्म लावला त्या दिवशी बटण दाबून आईला दाखवला. ती दचकलीच. म्हणाली, "ह्या आता रोज वरडतला काय?"

म्हटलं, आई, ते कधीच वरडू नये म्हणूनच खिडकी उघडी ठेवलीय.

वालावल, नेरूर, चेंदवण, आजूबाजूच्या ज्यांच्याकडे गिझर आत आहे त्यांनी खाली लिहा, प्लंबरला घेऊन एक दिवस ठरवू. पुढची पोस्ट तळ्यावर, कबूल केलंय ते लक्षात आहे.